शिट्टीची जागा

माझ्या भावाचा उजवा डोळा मी फार वेळा पाहिलेला नाही. तो कायम झुलपाखाली असायचा. कॉलेजात असताना एका विलायती बँडच्या गायकाचा फोटो त्याने मासिकातून कापून आरशाच्या कोपऱ्यात खोचला आणि त्या दिवसापासून कपाळावरचे केस जे डोळ्यावर आले ते आलेच. चाळीत त्याला सगळे झुलप्या म्हणत. नोकरी लागली, लग्न झालं, केस पांढरे झाले, विरळ झाले, मेंदीने तांबूस झाले, पण झुलूप हललं नाही. मध्यंतरी तो गायक पार टकला झाल्याचं कोणीतरी मोबाइलवर दाखवलं, तर दादा म्हणाला, "त्याचं गेलं म्हणून आपण पण सोडायचं? कोणीतरी सांभाळायला नको?"

आम्ही घाटकोपरच्या चाळीतले. वडील गिरणीत होते, मग गिरणी बंद पडल्यावर घरात होते. त्या दिवसांत पोरं हिंदी सिनेमाची गाणी नाहीतर भावगीतं ऐकायची. दादाने धरलं न्यू वेव्ह. कीबोर्डचे लांब थंड सूर आणि खाली यंत्राचा एकसारखा ठोका. आई कानावर हात ठेवायची. बाबांनी मात्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले, "हे गाणं नाही, आमचं साचेखातं आहे." आणि मागांच्या त्या आठवणीने का होईना, शेवटपर्यंत बसून ऐकलं. दादाची आयुष्यभराची मागणी एकच होती. ह्या लोकांना एकदा समोर उभं राहून ऐकायचं. आई म्हणायची, "लोक देवाकडे पोरां मागतत, ह्येका गोरे होये."

त्या बँडची पहिली रेकॉर्ड दादाचा मित्र पास्कल, त्याच्या आखातात असलेल्या भावाने आणली होती, आणि ती एका दिवसापुरती मिळाली. पास्कलच्या घरी उपासाचे दिवस होते, गाणंबजावणं बंद. म्हणून रेकॉर्ड प्लेअर आणि टेपरेकॉर्डर उचलून तो आमच्या खोलीत आला. प्लेअरवर रेकॉर्ड लावायची, समोर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घ्यायचं. दादाने शेजाऱ्यांना हात जोडून नळ बंद ठेवायला लावले. घरात कोणी खोकायचं पण नाही. मला दुपारची शाळा होती आणि भूक लागली होती. माझ्या परीक्षेला ह्या घरात कधी कोणी आवाज कमी केला नव्हता, आणि आज एका गोऱ्यासाठी सगळ्यांनी श्वास धरायचा. मी स्टोव्ह पेटवला आणि कुकर चढवला. चौथ्या गाण्यात एक जागा आहे. गायक थांबतो, ठोका थांबतो, एकच सूर लांब ओढलेला राहतो. नेमकी तिथे आमच्या कुकरची शिट्टी झाली.

पास्कलने कपाळावर हात मारला. आई आतून म्हणाली, "गोऱ्याक सांग, भात शिजता हा." तेही टेपवर अर्धवट आलं. मी मार खायच्या तयारीने उभी होते. दादाने सगळी बाजू भरू दिली, मग टेप मागे घेऊन तेवढी जागा परत ऐकली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सुरात आहे गं." रेकॉर्ड संध्याकाळी परत गेली. ती कॅसेट पुढे दहा जणांनी उतरवून नेली, शिट्टीसकट. आमचा स्वतःचा टेपरेकॉर्डर नंतर आला. त्याची मोटर जरा घाईत असायची, त्यामुळे ते गाणं आमच्या घरी थोडं भरभर वाजायचं. पुढे मूळ गाणं सीडीवर आलं तेव्हा दादाला ते संथ वाटलं. म्हणाला, "म्हातारे झाले रे हे." पास्कलने सांगून बघितलं, अरे, रेकॉर्डिंग तेच आहे, तेव्हाचंच. दादाला पटलं नाही.

नंतर दादा मुलुंडला राहायला गेला. दरवर्षी गणपतीला गावी जाऊन आलं की पुढच्या रविवारी तिथे मंडळी जमायची. पास्कल, बोरिवलीचे दोघं, गोरेगावचा एक. सगळे आजोबा व्हायच्या वयाचे. वहिनी वडे आणि कोंबडीचा रस्सा करायची आणि पहिली रेकॉर्ड पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत वाजायची. मधलं गाणं सोडून पुढे जायचं कोणी म्हटलं की दादाचं ठरलेलं उत्तर: "ढकलायचं नाही. येतंय ना, येऊ दे." चौथ्या गाण्यात ती जागा आली की हे सगळे पोक्त लोक एकदम ओठ आवळून कुकरची शिट्टी घालायचे. पास्कलच्या मुलीने कधीतरी ते गाणं स्वतःच्या मोबाइलवर ऐकलं आणि बापाकडे तक्रार केली, "डॅड, ह्यांच्या कॉपीत शिट्टीच नाहीये."

मी त्या रविवारी जायची ती वड्यांसाठी. मला त्या संगीतातलं फार काही कळत नाही. माझं साकीनाक्याला गोदाम आहे. बंद पडणाऱ्या ऑफिसांचं फर्निचर मी एकगठ्ठा उचलते आणि नव्याने उघडणाऱ्यांना विकते. फुटपाथवर खुर्च्या मांडून सुरुवात केली होती. कोणाच्या ओळखीने काही मिळालेलं नाही. भाव करायला मला आईने शिकवलं, मासळीबाजारात. आपला भाव सांगायचा, पाठ फिरवायची आणि चालायला लागायचं. हाक येतेच. माणूस भाव सोडतो, गिऱ्हाईक सोडत नाही. ह्या एका गोष्टीवर मी धंदा उभा केला.

घरात भांडतानाही मी तेच करायची. बोलायचं ते बोलून चपला घालायच्या आणि निघायचं. दादा दरवेळी दारापर्यंत यायचा. "ए बाय, ये इकडे. चहा तरी पी." मग मी परत जायची आणि भांडण तिथे संपायचं. लहानपणापासून त्यात कधी खंड पडला नव्हता.

दादा रिटायर झाला त्या वर्षी पडला. गावच्या घरावर कौलं ठेवायची की पत्रा घालायचा ह्यावरून आमचं वाजलं. दादाला कौलं हवी होती, मी पत्रा म्हणत होते. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी तोंडाला येईल ते बोलले आणि निघाले. दारात चपला आपटल्या. लिफ्टपाशी उभी राहिले. लिफ्ट आली, मी ती जाऊ दिली. हाक आली नाही. मी पायऱ्या उतरून गेले आणि तो राग मी मनात नीट बांधून ठेवला. फोन केला तरी हा धड बोलायचा नाही, नुसतं हं हं. मला वाटलं, चढलाय आता. रिटायर होऊन घरी बसला तर एवढा ताठा.

आणि मग तो बँड मुंबईत यायचं जाहीर झालं. गोरेगावला, हायवेच्या बाजूच्या मोठ्या मैदानावर. दादा माझ्या गोदामात आला, झुलूप नीट विंचरून. आमच्या घरात मोठी खरेदी मला विचारल्याशिवाय कोणी करत नाही, ती सवय त्याचीही होती.

"पास्कल वगैरे आजच तिकिटं काढतायत," तो म्हणाला. "आपली पण दोन काढू? तुझं आणि माझं."

"माझं कशाला?"

"शिट्टी कोणाची आहे?"

मी हसले नाही. म्हणाले, "थांब. शेवटच्या दिवशी सगळं खाली येतं. मी बघते."

"नक्की ना?"

"मला बाजार शिकवतोस?"

तो गेला. मी थांब म्हणाले त्यात बाजाराची अक्कल होती, हे खरं. पण लिफ्टपाशी मला जेवढं उभं राहावं लागलं तेवढं ह्यालाही जरा राहू दे, असंही माझ्या मनात होतं. ह्यातलं किती काय होतं ते मी अजून वेगळं काढू शकलेले नाही.

तिकिटं संपली. मी घाबरले नाही. संपलेली वस्तूही बाजारात कुठेतरी असते. कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही फाटकापाशी पोचलो. पास्कल आणि बाकीचे आत जायला निघाले, दादाने त्यांना सांगितलं, "व्हा पुढे, आलोच." मित्र आले नाहीत म्हणून दोन तिकिटं विकायला एक तरुण उभा होता. मोबाइलवरच होती तिकिटं. त्याने भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. तो नाही म्हणाला. मी दादाच्या दंडाला धरून पाठ फिरवली आणि चालायला लागले. दादा वळून बघत होता, मी त्याला बघू दिलं नाही. थोडं पुढे गेलो. हाक येईना. मी वळले तेव्हा तो एका जोडप्याच्या मोबाइलवर तिकिटं पाठवत होता. त्यांनी त्याला पहिला भाव दिला होता. तो व्यापारी नव्हताच. गिऱ्हाइकाला हाक मारायची असते हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मी फाटकावर खूप तमाशा केला. सिक्युरिटीवाल्यांशी भांडले, दिसेल त्या माणसाला विचारलं. आत दिवे लागले, ओरडा झाला आणि पहिलं गाणं सुरू झालं. दादा म्हणाला, "सोड गं. बाहेरून ऐकू."

मैदानाला पत्र्यांचं कुंपण होतं. पलीकडे बँड, अलीकडे सर्व्हिस रोड आणि हायवे. मला बऱ्यापैकी ऐकू येत होतं. दादा मात्र सारखा विचारत होता, "आता कुठलं चालू आहे?" मला वाटलं माझी परीक्षा घेतोय. मी तुसडेपणाने सांगत होते, हे दुसऱ्या रेकॉर्डमधलं, हे ते रडकं. मग तो म्हणाला, "आपलं आलं की सांग मला."

ते आलं. मी म्हणाले, "आलं."

त्याने कपाळावरचं झुलूप दोन बोटांनी मागे घेतलं आणि डाव्या कानामागे हात धरला. त्याचे दोन्ही डोळे मी कित्येक वर्षांनी एकत्र पाहिले. एक ट्रक गेला. "ही गाडी जाऊ दे," तो म्हणाला. ट्रकमागे बस आली. "ही जाऊ दे." हायवे होता तो. गाड्या जातच होत्या. पत्र्यापलीकडे गायक थांबला, ठोका थांबला, तो एक सूर लांब ओढला गेला, आणि आत पास्कलच्या टोळक्याने शिट्टी घातली असणार. दादाने घातली नाही. गाणं कुठवर आलंय ते त्याला कळतच नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सांगायला हवं होतं. मी त्याच्या कानामागच्या हाताकडे बघत राहिले. जागा निघून गेली.

नंतर चहाच्या टपरीवर त्याने मला आपल्या डाव्या बाजूला बसवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उजवा कान गेला, त्याला वर्ष झालं. डावा पण निघालाय. डॉक्टर म्हणतात, थांबणार नाही."

"मग कौलांवरून भांडले तेव्हा? मी निघून गेले ती?"

"तू भांडलीस?" तो म्हणाला. "मी खिडकीतून वळलो तर तू नव्हतीस. म्हटलं, गोदामात काम निघालं असेल."

मला काय करावं कळेना, तेव्हा मी जे नेहमी करते ते केलं. ओरडले. "मला सांगायचं नाही? एका शब्दाने सांगितलं असतंस तर पहिल्या दिवशी काढली असती तिकिटं."

तो हसला. "सांगितलं असतं तर तू त्या पोराला पण सांगितलं असतंस. भाऊ बहिरा होतोय, कमी कर."

"मग मिळाली तरी असती!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की टपरीवरचे सगळे वळले. दादाला ते वाक्य पूर्ण ऐकू आलं असावं. तो हसून हसून डोळे पुसत होता.

मला त्याचा राग आहे तो इथे. त्यानंतर तो ह्या विषयावर एक अक्षर बोलला नाही. वहिनीने काही म्हटलं नाही, पास्कलने नाही. मी दोनदा मुद्दाम विषय काढला, त्याने दोन्हीदा वडे आणायला सांगितले. त्याने मला एकदा शिव्या घातल्या असत्या, तर मी उलट चार घातल्या असत्या, आणि कुठेतरी मध्यावर येऊन आम्ही मिटवलं असतं. सौद्याला दोन माणसं लागतात. त्याने मी दिलं ते तसंच घेतलं. अशा माणसाशी कसा व्यवहार करायचा ते आईने शिकवलं नव्हतं.

बँडवाले आता म्हातारे झालेत, लांबचे दौरे बंद केलेत म्हणे. दादा मुलुंडची जागा विकून गावी गेला. घरावर कौलंच आहेत. मी बोलले नाही. कानाचं यंत्र त्याने फळीवर ठेवून दिलंय.

ह्या गणपतीला मी जाताना एक भारी स्पीकर घेऊन गेले. दुकानदाराने सांगितला तो भाव दिला; त्याला काहीतरी गडबड आहे असं वाटून त्याने नोटा दोनदा उजेडात धरल्या. दुपारी आरती-जेवणं उरकल्यावर पडवीत लावला. दादाने डावा कान त्याला टेकवून पाहिला आणि मान हलवली. "पत्रा वाजतो नुसता." मी बंद करायला गेले तर त्याने हात धरला.

"तू लाव चौथं. सुरू झालं की बोट वर कर."

मी लावलं आणि बोट वर केलं. त्याने डोळे मिटले, म्हणजे मला दिसत होता तो तरी मिटला. गुडघ्यावर ठोका धरला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. गाणं चाललं होतं आणि दादाने एकदम ओठ आवळून लांब, नीट शिट्टी घातली. स्पीकरवरचा गायक अजून गातच होता. मला वाटलं चुकला. मग आठवलं, आमच्या घरचा टेपरेकॉर्डर जरा घाईत असायचा. त्याच्या आत अजून तोच चालू होता.

थोड्या वेळाने स्पीकरवर ती जागा आली आणि रिकामी गेली. दादा तेव्हा बराच पुढे होता. त्याचा ठोका थांबला, त्याने डोळा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"संपलं ना?"

माझं बोट अजून वर होतं. मी ते खाली घेतलं आणि त्याला दिसेल अशी मान हलवली.

"हो," मी म्हणाले. "संपलं."

गाणं अजून वाजत होतं. मी ते बंद केलं नाही.