वाटीतले चिंचोके

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. माझी थोरली मुलगी सात वर्षांची होती. तिला डेंग्यू झाला, म्हणून कोल्हापुरात लहान मुलांच्या वॉर्डात आम्ही आठवडाभर होतो. तिथल्या मोठ्या सिस्टरइतकी हुशार बाई मी नंतर पाहिली नाही. गोड बोलणं तिला येत नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडतही नव्हतं.

तापाची पोरं तिनं तीन जागी लावली होती. घरी जाण्याजोगी दाराजवळ, लक्ष ठेवायची ती मधे, आणि जिवावर बेतलेली तिच्या टेबलाला लागून. छताचा पंखा नेमका त्या टेबलाच्या वर होता. कोडोलीचा एक बाप आपल्या पोराला पंख्याखाली जागा मागत होता, कुणा पुढाऱ्याची चिठ्ठीही घेऊन आला. सिस्टरनं ती न वाचता परत दिली. "पावणं, ती कॉट मागून घ्यायची न्हवं. तुमचं पोरगं तिथं न्हाय, ह्यातच खूश ऱ्हावा."

थर्मामीटरवर तिची फारशी भिस्त नव्हती. ती पोरांचे तळपाय चाचपायची. नख दाबून सोडायची आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायची. दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळून मग कातडीवर उठलेले लाल ठिपके मोजायची. आणि आम्हा आयांना तिनं एकेक वाटी आणि मूठभर चिंचोके दिले होते. पोरानं लघवी केली की वाटीत एक चिंचोका टाकायचा. निम्म्या बायकांना लिहिता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, तरी मलाही चिंचोकेच.

पाचव्या दिवशी मुलीचा ताप उतरला. अंग गार लागलं. मला वाटलं, सुटलो. घरी कसबा बावड्याला धाकटा सासूजवळ होता, म्हशी होत्या. ताप गेला की डोक्यावरून आंघोळ घालायची आमची रीत, तीही घरी जाऊन करायची होती. मुलगी सकाळपासून गुंगीत होती, लघवीला गेली नव्हती. रिकामी वाटी बघून सोडणार नाहीत, म्हणून मी तीन चिंचोके टाकले आणि कपड्यांचं गाठोडं बांधलं.

सिस्टर आली. वाटीत बघितलं, मग मुलीचे पाय धरले. पोट दाबलं तशी मुलगी कण्हली.

"हे पाय आणि ही वाटी एका पोरीची न्हाईत," ती म्हणाली. "खरं किती?"

"एकबी न्हाय."

डॉक्टरांना हाक गेली. कॉटचं एक टोक तिनं धरलं, एक मी, आणि मुलगी टेबलाजवळ गेली. सलाईन लागलं. ताप उतरतो तेव्हाच ह्या आजारात जपायचं असतं, एवढंच तिनं मला सांगितलं. शिव्या द्यायला ती थांबली नाही. तिच्या जागी मी असते तर आधी शिव्या दिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी लघवी म्हणाली. मी चिंचोका टाकला आणि सिस्टरला सांगायला गेले. तिनं मान वर केली नाही.

"भांडं आण."

मी नेलं. तिनं ते खिडकीच्या उजेडात नीट बघितलं. मग आमच्या कॉटशी आली, वाटीतले तीन चिंचोके काढून माझ्या हातावर ठेवले आणि एक आत राहू दिला.