मावशींनी मागितलेली हद्द

कुणीही काहीही तक्रार केली, की मावशी पायांत चपला सरकवायच्या आणि म्हणायच्या, "चला, बघून येऊ." नळाला पाणी कमी येतंय? बघून येऊ. कोपऱ्यावर खड्डा पडलाय? बघून येऊ. तक्रार करणाऱ्याला बहुधा नुसती तक्रारच करायची असे. पण तोवर मावशी जिना उतरलेल्या असत.

तुमच्याही भागात अशी एखादी बाई असेल. नसेल, तर तुमचा भाग शांत असेल आणि खड्डा तसाच असेल.

मावशी मूळच्या नागपूरच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. "जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले, अन् शेवटी फोन लोकांच्या खिशातच गेला," असं त्या हसत सांगायच्या. येरवड्यात आमच्या सोसायटीसमोर, मोठ्या रस्त्यापलीकडच्या इमारतीत त्या राहायच्या. आमच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे वस्ती. तिथल्या विहारात त्या दर रविवारी वंदनेला जायच्या. मी तेव्हा आयटी कंपनीत नुकताच लागलो होतो. ती वस्ती मला फक्त बाल्कनीतून माहीत होती.

महापालिकेच्या निवडणुकीआधी नवी प्रभागरचना जाहीर झाली. कागदावर नाला ठळक दिसतो, त्यामुळे हद्द तिथूनच गेली होती. सोसायटी एका प्रभागात, वस्ती दुसऱ्या.

आमचे अध्यक्ष खूश झाले. "बरं झालं. आता फ्लॅटचे भाव वाढतील."

"काहून बा?" मावशी म्हणाल्या. "तुमचं सांडपाणी त्या नाल्यातून त्यांच्या दारावरून जातं. ते काय नगरसेवकाला विचारून वाहते?"

"अहो, पण नकाशा ठरला की आता."

"प्रारूप आहे ते. ठरलं असतं तर लोकांच्या हरकती कशाला मागवल्या असत्या? चला, बघून येऊ."

अध्यक्षांना चपला घालाव्याच लागल्या. मीही मागोमाग निघालो. वस्तीत प्रत्येक उंबऱ्यावर विटांचा बुटका बांध होता, पावसाळ्यात नाला घरात शिरू नये म्हणून. एक बाई म्हणाली, "आता नाला एकाचा आन् घर दुसऱ्याचं. पाणी शिरलं तर आम्ही बोंबलायचं कुणाच्या नावानं?" येताना अध्यक्ष प्रत्येक बांधापाशी थांबत होते.

त्या संध्याकाळी मावशींनी मला नकाशा पसरायला लावला. "नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. ही रेषा नको, तर कुठली हवी, तेही सांगावं लागतं. अन् वस्ती आत घेतली तर लोकसंख्या वाढते. मग तेवढे लोक बाहेर काढावे लागतात."

"कुणाला काढायचं?"

त्यांनी मोठ्या रस्त्यावर बोट ठेवलं. "हद्द इथून न्यायची."

"मावशी, तुमची इमारतच शेजारच्या प्रभागात जाईल!"

"जाऊ दे ना. आमचं पाणी तसंही तिकडेच उतरते. इमारतीत विचारून आले मी. चौथ्या मजल्यावरचे तेवढे रुसले आहेत."

सुनावणीला सभागृह गच्च भरलं होतं. निम्मे तरी इच्छुक उमेदवारांचे लोक, ज्याला त्याला आपली गल्ली हवी होती. मावशींचं नाव पुकारलं, तेव्हा अधिकारी कंटाळून गेले होते. "थोडक्यात सांगा," ते म्हणाले. मावशींनी थोडक्यात सांगितलं. अधिकाऱ्यांनी नकाशा पाहिला, चष्मा काढला आणि पुन्हा पाहिला.

"आपण रस्त्याच्या पलीकडे राहता ना? म्हणजे आपल्याच सूचनेनं आपण बाहेर जाणार."

"हो साहेब. मला निवडणूक लढवायची नाही. नाला साफ झालेला बघायचा आहे."

सभागृह हसलं. तेवढ्यात मागून अध्यक्ष उठले. "आमच्या सोसायटीचा याला पाठिंबा आहे," ते म्हणाले, आणि कुणाचा गैरसमज नको म्हणून पुढे जोडलं, "पूर्ण विचारांती, नाइलाजानं."

अंतिम रचनेत हद्द मोठ्या रस्त्यावरून गेली. उमेदवार आमच्या सोसायटीत आले, की पहिला प्रश्न नाल्याचा, आणि वस्तीत गेले की तिथेही तोच. पुढच्या पावसाळ्याआधी नाल्याला भिंत झाली. अध्यक्ष पाहुण्यांना ती भिंत दाखवायला नेऊ लागले.

काही वर्षांनी मावशी मुलीकडे नागपूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. बातमी आली तेव्हा विहारात वंदना झाली. आमची अर्धी सोसायटी पहिल्यांदाच तिथे मांडी घालून बसली होती.

मला त्या आठवतात मतदानाच्या दिवशीच्या. त्यांचं केंद्र आता वेगळं, अनोळखी शाळेत. त्या एकट्या कशा जातील म्हणून वस्तीतल्या चार-पाच बायका आपलं मत देऊन त्यांच्यासोबत निघाल्या होत्या. सुट्टीच होती, म्हणून मीही गेलो. आम्ही फाटकाबाहेर ताटकळत उभे. बऱ्याच वेळानं मावशी आल्या, पण एकट्या नाही. रांगेत ओळख झालेल्या तिघी-चौघी त्यांच्याभोवती होत्या आणि आपल्या गल्लीत तुंबलेल्या गटाराबद्दल एकदम बोलत होत्या. आमच्याकडे लक्षही न जाता मावशी त्यांच्याबरोबर उलट्या दिशेला वळल्या. साडीचा पदर खोचला आणि झपाझप चालायला लागल्या.