बुडालेल्या डॉक्टरची कबर

व्हिडिओ कॉलवर माझ्या गर्लफ्रेंडच्या, रेनिटाच्या मागून तिचे पप्पा बोलले, मला ऐकू जाईल असं. "ह्यांच्या घरातले पुरुष बोटीत बसले की परत येत नाहीत." माझं डोकं फिरलं. आमच्या वसईच्या घरात या टोमण्याला ठरलेलं उत्तर होतं: फ्रेंच डॉक्टर परत येत होता, वाटेत बुडाला. आता ते दाखवून द्यायचंच, म्हणून ही ट्रिप.

हा डॉक्टर आमचा मूळपुरुष. केरळातल्या माहेच्या फ्रेंच दवाखान्यात सर्जन, तिथून मुंबई, वसईच्या मुलीशी लग्न, एक मुलगा, मग ऑस्ट्रेलियाहून घोडे आणणाऱ्या बोटीवर नोकरी. डॅडींनी त्याच्यापासूनची वंशावळ काढली होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत डॅडी गेले आणि दफनविधी मी ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या खोलीत फोनवर पाहिला. युनिव्हर्सिटी आधीच सोडलेली, व्हिसा लटकलेला. इथून निघालो असतो तर परत येणं नव्हतं. रेनिटाला म्हणायचो, थांब. ती म्हणायची, बघू.

डॉक्टरचं नाव कबरींच्या वेबसाइटवर टाकलं, तर गोलबर्नपलीकडच्या एका गावातून व्हॅल नावाच्या आजींची मेल आली: आमच्या सिमेट्रीत आहे, ये. समुद्रात नाही, तर इथे घोडे घ्यायला गेला असताना तापाने गेला असेल, असं मी धरलं. तरुण मेलेला असला म्हणजे झालं, बायकोला सोडून गेला नाही एवढं ठरलं.

लॉकडाऊन उठल्यावर फ्लॅटमेट आदित्यची कोरोला घेतली. "टाकी भरून आण," तो म्हणाला, "आणि मजनूगिरीत गाडी ठोकू नकोस." मॅक्वारी पास घाटाची वळणं भर दुपारीही अंधारी आहेत, हेडलाइट लावा, ट्रकला वाट द्या. वर रॉबर्टसनला मीट-पाय, म्हणजे खिम्याचा मोठा पॅटिस, खाल्ला, आधी क्यूआर स्कॅन, मग लसीचं सर्टिफिकेट. गोलबर्नला मोटेल नव्वद डॉलर. नोव्हेंबर म्हणजे इथे उन्हाळ्याची सुरुवात, तरी जॅकेट न्या.

दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस. वसईत जागा कमी, काही वर्षांनी कबर उघडून पुढच्याला देतात, त्यामुळे पूर्वजाचा स्वतःचा दगड मी कधी पाहिलाच नव्हता. बुडालेल्या डॉक्टरसाठी डॅडी मोठ्या क्रुसाखाली एक जादा मेणबत्ती लावायचे. तसली एक मी खिशात ठेवली होती.

व्हॅलनी मला त्यांच्या सिमेट्रीत डॉक्टरच्या दगडापाशी नेलं. त्यावर लिहिलं होतं: वय एकाहत्तर, प्रिय पती, सहा मुलांचा पिता.

"माझे पणजोबा," व्हॅल मास्कमधून म्हणाल्या. "तू म्हणजे पहिल्या बायकोकडचा? पण ती तर बॉम्बेत तापाने गेली ना, लव्ह? बाळासकट."

"बाळ मेलं असतं तर मी कुठून आलो असतो?" मी ओरडलोच.

त्या शेजारच्या कबरीच्या कठड्यावर बसल्या. म्हणाल्या, "आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यासाठी प्रार्थना करतात."

"आमच्याकडे ह्याच्यासाठी मेणबत्ती लावतात."

मी खडीला लाथ मारली. "दगडालाच मार, मेट," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा गेलाय, नाहीतर मीच मारली असती."

मम्मीला फोन लावला. ती चर्चमधली सकाळची मिस्सा करून वसईच्या सिमेट्रीत उभी होती. मी दगड दाखवला. तिने वाचला.

"म्हणजे बुडाला नाही."

"नाही."

"तुझे डॅडी दरवर्षी गुडघे टेकायचे रे इथे." हातातल्या मेणबत्तीकडे बघत राहिली. "मग ही आता इथल्या त्याच्या बायकोची. वाट बघत बसली ती."

"तिचं नाव काय होतं?" व्हॅलनी विचारलं. डॅडींच्या वंशावळीत डॉक्टरचं पूर्ण नाव होतं. तिच्या जागी नुसतं 'पत्नी, वसई'.

परत येऊन वॉलॉंगॉंगच्या किचनमधून रेनिटाला सगळं सांगितलं, काही न लपवता. म्हटलं, व्हिसा गेला खड्ड्यात, मी येतो, वन-वे तिकीट काढतो.

ती म्हणाली, "पावसाळ्यातच माझं लग्न ठरलं रे, दुसरीकडे. तुझे डॅडी नुकतेच गेलेले, तुला सांगवेना. पप्पा त्या दिवशी टोमण्यातून तेच सुचवत होते."

"मग थांब म्हणालो तेव्हा..."

"मी बघू म्हणायचे. थांबते असं कधी म्हटलं मी?"

नव्हती म्हणाली.

रस्ता सुंदर आहे, जरूर जा. व्हॅलनी मेल पाठवली, रविवारी त्यांच्या चर्चमध्ये त्या बिननावाच्या बाईसाठी मिस्सा सांगितलीय. माझी मेणबत्ती मी पेटवलीच नव्हती, तशीच परत आणली. आदित्यने ड्रॉवरमध्ये टाकली, म्हणाला, असू दे, लाइट गेली तर उपयोगी पडेल.

इथे लाइट जात नाही.