दगडूआबांचा संशय

कलकत्त्याहून परत आले तेव्हा माझ्या ट्रंकेत एक मोठा आरसा होता, एक कोरी वही होती, आणि डोक्यात जग सुधारायचा बेत होता. रोज काय शिकवलं ते वहीत लिहायचं ठरवलं होतं. दोन वर्षांनी वही उघडून बघते तर धड्यांची चार पानं, आणि बाकी सगळे किस्से!

किस्से जमवावे लागत नाहीत. एखादं काम असं धरा, की ते तुम्ही का करताय हे गावात कुणालाच कळत नाही. मग लोक तुमच्यावर नजर ठेवतात. आणि नजर ठेवणारी माणसं किस्से घडवल्याशिवाय राहत नाहीत.

माझं काम म्हणजे लोणावळ्यात बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा वर्ग. मी इथलीच, पण हे शिकायला चार वर्षं बाहेर राहून आलेली. त्यामुळे सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. "बहिऱ्यांना काय शिकवणार?" हा पहिला. "आणि त्यात तुमचं काय?" हा दुसरा, आणि खरा!

वर्ग दगडूआबांच्या माडीवर भरायचा, लांबची पोरं तिथंच माझ्याजवळ राहायची. आबा सत्तरीचे, एकटे, आवाज खणखणीत. साऱ्या लोणावळ्यात मला दुसरी जागा कुणी देत नव्हतं. त्यामुळे आबांनी माडी काढून घेतली की वर्ग संपला, आणि पोरं परत आपापल्या ओसरीच्या कोपऱ्यात. हे मला माहीत होतं. आबांनाही माहीत होतं.

*

पोरं गोळा करायला मी पहिल्यांदा वडिवळ्याला गेले. तिथं एका घरात बहिरी मुलगी आहे असं कळलं होतं. भातलावणी आटपलेली, माणसं घरी होती. मी अंगणात उभी राहून भाषण सुरू केलं. बहिरं मूल म्हणजे बिनअकलेचं मूल नव्हे, वगैरे. मी त्या वेळी पेटलेलीच असायची!

मुलीची आजी भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पोरं कुटं न्हेती तू?"

"लोणावळ्याला, मावशी."

"आन् तितनं फुडं?"

"पुढं कुठंच नाही!"

आजीचा विश्वास बसेना. ती आत गेली आणि चार पोरी घेऊन आली. एका रांगेत उभ्या केल्या. "लय शिकलीया न्हवं? मग वळख, यातली भहिरी कोन!"

मी चौघींच्या मागं जाऊन टाळी वाजवली. तिघी दचकून वळल्या, चौथी हलली नाही. मी मोठ्या दिमाखात तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ही!"

सगळं अंगण हसायला लागलं. आजी म्हणाली, "ती सकाळधरनं रुसल्याली हाय. भहिरी ती पल्याडली, चंद्री. बाकीच्या वळल्या म्हनून ती वळली!"

मी छत्री उचलली. "चुकले मावशी," म्हटलं आणि निघाले. फाटकाशी पोचते तर मागून हाक आली.

"अगं थांब! चंद्रीचं परकर-पोलकं बांधून देते. चुकले म्हनती ती बाई पोरी इकायची न्हाई."

*

आबांचा संशय मात्र वेगळ्या जातीचा होता. त्यांचं म्हणणं, माझी पोरं बहिरी नाहीतच!

माडीची जमीन फळ्यांची. कुणी जिन्याची पहिली पायरी चढलं की फळ्या थरथरायच्या आणि आरशासमोर बसलेली सगळी पोरं तळपायानं ती थरथर ओळखून दाराकडं बघायची. आबा दिवसातून पाचदा चोरपावलांनी जिना चढायचे, आणि प्रत्येक वेळी दारात सहा चेहरे त्यांच्याकडं टक लावून हजर!

"बाई, ढोंगी हाईत तुजी पोरं! मी मांजराच्या पावलानं येतुया, तरी ऐकत्यात!"

"आबा, त्यांना ऐकू येत नाही, पायाला कळतं."

"क्काय?"

"पायाला! कळतं!"

"वरडती कशाला? मी काय भहिरा हाय?"

दुसरी तक्रार अशी, की पोरं आवाज न काढता ओठ हलवतात. ओठांवरून बोलणं ओळखायचा सराव आम्ही रोज आरशासमोर करायचो, त्यात आवाजाचं काम नव्हतं. आबांना खात्री होती, की तो सगळा वेळ आम्ही त्यांच्याबद्दल बोलतो.

"साऱ्या गावालाच ही खोड लागलीया," ते म्हणायचे. "धड बोलंना कुनी. समदी पुटपुटत्यात!"

*

कानाची निगा हा माझा आवडता विषय. कानात तेल ओतू नका, काडी घालू नका, कान वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आया ऐकून घ्यायच्या आणि घरी जाऊन लसणीचं तेल कढवायच्या!

कामशेतचा पांडू दोन वर्षांपासून एका कानानं बहिरा, आणि दुसरा कान जन्मापासून मंद. मला त्याच्याबद्दल जरा शंका होती. म्हणून त्याच्या आईच्या मागं लागून, तिच्या शिव्या खाऊन, मी त्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी पिचकारीनं कान धुतला, चिमटा घातला आणि एक काळाकुट्ट दाणा बाहेर काढला.

हरभरा! खेळताना कानात गेला, आईनं वर तेल ओतलं, तो फुगून बसला. त्याच्यामागं दोन वर्षांचा मळ.

पांडूला त्या कानानं ऐकू यायला लागलं. त्याची आई माझ्या पाया पडली. मी त्याचं नाव गावातल्या साध्या शाळेत घालून दिलं आणि चार दिवस विजयी मुद्रेनं फिरले.

पाचव्या दिवशी पांडू एकटाच माडीच्या दारात उभा. डोळ्यांत पाणी. मूठ उघडून त्यानं मला दाखवली. आत एक हरभरा!

"बाई," तो म्हणाला, "ह्यो परत घालू का?"

*

वर्गात सगळ्यांनी पहिलं वाक्य एकच शिकायचं. 'मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून, सावकाश बोला.' आणि एक नियम, ज्याच्याशी बोलायचं त्याच्या खांद्याला हात लावून, समोर जाऊन बोलायचं. लाजायचं नाही, मान डोलवून वेळ मारून न्यायची नाही. घरी या पोरांनी आयुष्यभर मान डोलवण्याशिवाय काही केलेलं नव्हतं.

परीक्षा बाजारात! पहिली पाठवली हमीदाला. समोरच्या उस्मानभाई दुकानदारांची ही लेक, बारा वर्षांची. सातव्या वर्षी तापात ऐकणं गेलं, बोलणं तेवढं राहिलेलं. तिला मुद्दाम बापाच्या दुकानात न पाठवता पलीकडच्या वाण्याकडं गूळ आणायला धाडलं. मी रस्त्यावरून बघत होते.

वाणी तराजूत मान घालून काहीतरी बोलला. हमीदानं फळीवरून हात लांब करून त्याच्या खांद्याला लावला आणि वाक्य म्हटलं, स्पष्ट, न अडखळता. वाणी चकित झाला, मान वर केली, नीट बोलला. माझे डोळे भरून आले!

मग तो आतल्या माणसाकडं वळून हळूच काही म्हणाला. हमीदा लगेच म्हणाली, "तळातला नको. वरचा द्या."

चार दिवसांनी उस्मानभाई माडीवर आले. चेहरा गंभीर. "बाई, हे काय शिकवलंत तिला? गिऱ्हाईकं दुकानात येईनात. आली तर तोंडावर हात धरून बोलतात. म्हणतात, उस्मानची पोरगी मनातलं ओळखते!"

"मग बंद करू तिचं शिकणं?"

"नाही, नाही," ते घाईनं म्हणाले. आणि मग जरा जवळ येऊन, "फक्त तिला सांगा, घरात मी आणि तिची अम्मी बोलत असताना भिंतीकडं तोंड करून बस!"

*

वाण्याची ही हकिगत आबांच्या कानावर गेली आणि त्यांना पुरावा मिळाला! त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेऊन शाळाखात्याच्या साहेबांकडं अर्ज धाडला, की या पोरांना चांगलं ऐकू येतं, तर ही बाई त्यांना कशासाठी जमवते याची चौकशी व्हावी. मला म्हणाले, "सायेब येतोय. त्यो म्हनला खरं, तर ऱ्हा. त्यो म्हनला खोटं, तर माडी मोकळी कर!"

साहेब आले. उंच, घाईतले, हातात काठी, बगलेत वही. आबा त्यांच्या मागोमाग. पोरांनी एकदा वळून पाहिलं आणि परत पाटीत डोकं घातलं. साहेबांनी काठी उचलली आणि फळ्यांवर धाडकन आपटली.

सहाच्या सहा पोरं वळली.

"बगा! बगा!" आबा ओरडले.

साहेब वहीत लिहायला लागले. मी कंप, फळ्या, तळपाय असं भाषण सुरू केलं. साहेबांनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात हमीदा उठली. साहेबांच्या खांद्यापर्यंत तिचा हात पोचेना, म्हणून तिनं कोपराला लावला.

"मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून, सावकाश बोला. काय लिहिलं?"

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणते ही?"

"मला विचारा," हमीदा म्हणाली.

साहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "लिहिलं, की तुम्हाला ऐकू येतं."

हमीदानं त्यांच्या बुटाजवळ पाय आपटला. "पायाला येतं. कानाला नाही. खाली चला."

आणि ती जिना उतरायला लागलीसुद्धा!

खालचं अंगण दगडी फरशीचं. पोरं रस्त्याकडं तोंड करून रांगेत उभी राहिली. साहेब मागं, भिंतीपाशी. शाळांच्या कवायती घ्यायची सवय असल्यानं त्यांच्या खिशात शिटी होती. त्यांनी हमीदाकडं बघून तिला सांगितलं आणि तिनं बाकीच्यांना, "शिटी वाजेल. ज्याला ऐकू येईल त्यानं वळायचं."

"थांबा सायेब!" आबा म्हणाले. "ही पोरं एकमेकास्नी कोपरानं खुनवत्यात. मी रांगंत उभा ऱ्हातो. कोन हालतंय त्ये बगतो!" आणि ते पोरांच्या शेजारी, आमच्याकडं पाठ करून, नजर पोरांच्या कोपरांवर लावून उभे राहिले.

साहेबांनी शिटी फुंकली. शेजारची शेळी दावं ताणून उडाली. समोर उस्मानभाईंच्या दुकानातली सगळी माणसं आमच्याकडं वळली.

रांगेतलं कुणी हललं नाही.

साहेबांनी गाल फुगवून दुसऱ्यांदा फुंकली. छपरावरचे कावळे गेले. दुकानातली माणसं रस्त्यावर आली.

रांग तशीच. साहेब शिटी हातात धरून बघत राहिले. पोरांकडं नाही, रांगेच्या टोकाकडं. मग त्यांनी सावकाश वहीतलं पान फाडलं.

शेवटी आबाच वैतागले. पाठ तशीच ठेवून म्हणाले, "सायेब, वाजवा की आता! पोरांचं पाय दुखायला लागलं!"

हमीदानं दुकानातल्या माणसांना दोनदा वळताना पाहिलं होतं. ती रांगेतून निघाली, आबांच्या खांद्याला हात लावला, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि त्यांच्याकडं बघून, सावकाश म्हणाली,

"आबा, दोनदा वाजली."