प्रतिभा आणि माझी पाठ

भोवती फेरी मारल्याशिवाय एखादी वस्तू बघितली असं प्रतिभा मानायची नाही. विहिरीला फेरी, नारळाला फेरी, माझ्या खुराड्यातल्या कोंबडीलाही फेरी. "मावशी, मागची बाजूपण असते ना," म्हणायची. हे खूळ तिला तिच्या कामानं लावलं.

मुरुडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी चौथी शिकलेली, जन्मभर नारळाच्या झावळ्यांचे झाप विणले. ती मुंबईच्या एका कंपनीसाठी घरी बसून कॉम्प्युटरवर खेळातली चित्रं काढायची. त्या खेळात राजे, राक्षस, जादूचं जंगल. जंगलाच्या तोंडाशी झाडपाला विकणारी एक म्हातारी. लढाईत जखमी झालेला गडी तिच्याकडे औषधाला यायचा. त्या म्हातारीचं तोंड माझं होतं, मला न विचारता घेतलेलं. मी रागावले तर म्हणाली, "तुझ्याइतकं खडूस तोंड मला दुसरं कुठं मिळणार?" मनातून मला ते आवडलं होतं.

तिची चित्रं सपाट होती. म्हातारी कायम समोर बघायची. मग त्या खेळाचा दुसरा भाग करायचं ठरलं. त्यात खेळणाऱ्याला माणसाच्या भोवती फिरता येणार होतं. सपाट चित्रं कंपनीला नको झाली. प्रतिभाला सांगितलं, एक माणूस चारी बाजूंनी करून दाखव, जमलं तर काम तुझं. तिनं म्हातारीच निवडली. तीन दिवस माझ्या दारात येत राहिली. "मावशी, जरा वळ. चार पावलं चालून दाखव. एकदाच."

मला पोक आहे. लग्नात मी भिंतीला टेकून बसते, रस्त्यानं सगळ्यांच्या मागून चालते. "माझ्या पाठीचं तुझ्या खेळात काय काम हाय?" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

तिनं पाठ अंदाजानं केली, सरळ. कंपनीवाले म्हणाले, मान पुढे आलेली आणि पाठ फळीसारखी, हे एका माणसाचं वाटत नाही. काम दुसऱ्याला गेलं. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर भांडून मोकळी झाले असते. ती पनवेलला झेरॉक्सच्या दुकानात लागली.

मागच्या दिवाळीत घरी आली, तेव्हा मी अंगणात जाऊन तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. खांद्यावरचा पदरही काढला. म्हटलं, "बघ, काय बघायचं ते."

तिनं माझ्याभोवती फेरी मारली नाही. मग आतून खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली.

"बस मावशी. पाय दुखतील."