बाजारच्या दिवसाची पिशवी

बाजारच्या दिवशी सकाळी पिशवी भरायची आणि दिवे लागले की रिकामी करायची, हा त्या वर्षी माझा नेम होता. परकर-पोलक्याचा एक जोड, फणी, पाटी आणि आईची एक जुनी चोळी. सगळं ठरलेल्या क्रमानं आत जायचं. आबा न्यायला आले आणि माझ्यामुळे खोळंबा झाला तर ते तसेच निघून जातील, अशी मला धास्ती होती. शेवटी त्यांनी मला घरी नेलं, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावण्यात मला रस नाही. माझा लागला होता तेवढा पुरे.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीनं तळ दाखवला, तेव्हा आई-आबा धाकट्या भावाला घेऊन लांबच्या पाझर तलावाच्या कामावर गेले. तिथंच पाल ठोकून राहायचं आणि दिवसभर माती वाहायची. मी नऊ वर्षांची. मला घोडेगावला आत्याकडे ठेवलं. "हिची शाळा बुडंल," एवढंच आई म्हणाली. त्याआधी मी कितीतरी वेळा शाळा बुडवून गुरांमागं गेले होते, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. दोघांतलं एक न्यायचं होतं आणि त्यांनी त्याला नेलं, असा अर्थ मी लावला.

आत्या वाईट नव्हती. तिला मूल नव्हतं, एवढीच गोष्ट मला भिववायची. पाण्याच्या टँकरपाशी हंड्यांची रांग लागली की एखादी बाई हटकून विचारायची, "काय गं, भावानं पोरगी देऊनच टाकली जनू तुला?"

"व्हय, आता माझीच," आत्या म्हणायची. "लगीनबी मीच लावनार. हाय का कोन तुझ्या बघन्यात?"

सगळ्या हसायच्या. मी हंड्याचा काठ घट्ट धरून उभी राहायची. ही थट्टा आहे हे मला कळत होतं. पण थट्टेत खरं बोलून घेतात, हेही मी पाहिलेलं होतं.

घोडेगावचा बाजार जनावरांचा. त्या वर्षी विकणारे उदंड आणि घेणारे मोजके होते. बरगड्या वर आलेली गुरं ओळीनं उभी असायची. मी दर बाजाराला तिथं एक चक्कर मारायची, आमच्या गावाकडचं कुणी दिसतं का बघायला, आणि मग पिशवी घेऊन उंबऱ्यात बसायची. माणसं ओळखू आली नाहीत तरी आमच्या गावची जनावरं मला ओळखू येत होती.

एका बाजाराला आमचाच बैल दिसला. डाव्या शिंगाचं टोक मोडलेला, कानामागं पांढरा ठिपका. एका व्यापाऱ्यानं त्याला धरलं होतं. मी जवळ गेले तर बैलानं माझ्या हाताला नाक लावलं.

"ए पोरी, सर मागं," व्यापारी म्हणाला. "सासरा हाय का त्यो तुझा?"

"आमचा हाय ह्यो."

"व्हता. मागल्या बाजारी घेतलाय म्या."

मी बैलाच्या गळ्याकडे पाहिलं. दावं नवं होतं. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं विकत नाहीत. विकणारा ते सोडवून घरी नेतो आणि घेणारा स्वतःचं बांधतो. घरचं दावं दुसऱ्याकडे गेलं की घरात पुन्हा जनावर टिकत नाही, असं मानतात. म्हणजे व्यापारी खोटं बोलत नव्हता. मागच्या बाजाराला आबा इथं आले होते. आत्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. मी पिशवी भरून उंबऱ्यात बसले होते आणि ते बैल विकून परत गेले होते.

मी धावत घरी आले. आत्या रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकरी थापत होती.

"आबा आल्ते?"

तिचा हात थांबला. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि सांगितलं. आबांनी तिला बाजारातल्या लिंबाखाली बोलावून घेतलं होतं. "रिकाम्या हातानं तुझ्या उंबऱ्यावर कसा येऊ, आक्का?" असं म्हणाले होते. बहिणीच्या घरी भाऊ कधी मोकळ्या हातानं येत नसे, निदान मूठभर शेंगा तरी आणायचा. बैल विकून आलेल्या पैशाचा खाऊ घेणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"तुला लांबून बघून गेला की गं. उंबऱ्यात बसली व्हतीस तवा."

हे ऐकून मला बरं वाटेल असं तिला वाटलं असावं. मला वाटलं, बघितलं आणि तरी गेले. न बघता गेले असते तर चाललं असतं.

मागच्या खोलीत, मी झोपायची तिथंच, खुंटीवर आमचं दावं टांगलेलं होतं. कामावरच्या पालात ते चोरीला जाईल म्हणून आबांनी आत्याकडे ठेवायला दिलं होतं. इतके दिवस ते माझ्या डोक्यावर होतं आणि मी मान वर केली नव्हती. मी पालथ्या हंड्यावर पाटी ठेवली आणि तिच्यावर उभी राहून ते काढलं. पाटी तडकली. दावं पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि त्यावर बाकीचं सगळं भरलं. मला सोडून जाता येतं हे आता ठाऊक झालं होतं. दावं सोडून जाता येणार नाही. ते न्यायला त्यांना यावंच लागेल, आणि ते माझ्याकडे असेल.

ते आले, पण मधे बरेच बाजार गेले. तोवर मी जेवताना अर्धीच भाकरी घ्यायला शिकले होते.

आबा दारात उभे राहिले ते मोकळ्या हातानंच. आधी मी ओळखलं नाही, इतके वाळले होते.

"ये की आत," आत्या म्हणाली. "परका हाईस का?"

"ट्रक थांबलाय, आक्का. दावं दे. घरी टांगून ये म्हनून हिची आय मागं लागलीय. फाट्याला उतरून टांगतो आन् पुन्हा कामावर."

आत्या मागं जाऊन आली. "खुंटीला न्हाई रे."

"माझ्यापाशी हाय," मी म्हणाले. पिशवी माझ्या मांडीवर होती. "मला न्या, मग देते."

आबा उकिडवे बसले. "पोरी, तितं प्यायला धड पानी न्हाई. बाळाला जुलाब लागल्यात. तुझ्या आयला दोगं झेपायची न्हाईत."

"मी बाळाला सांभाळीन. मला भाकरी येती आता. पाटी नको मला, शाळा नको. मी कमी खाते, आबा. आत्याला इचारा, मी लई कमी खाते."

आत्यानं पदर तोंडाला लावला. आबांनी पिशवीकडे हात केला. मी ती पोटाशी आवळली. त्यांनी ठरवलं असतं तर ती एका हिसक्यात घेता आली असती. त्यांचा हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग गुडघ्यावर गेला. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

"ऱ्हाऊ दे," ते उठत म्हणाले. "ठेव तुझ्यापाशी."

आणि ते गेले.

आत्या हाक मारत होती, ते ऐकू येत होतं. दावं सोडून ते जाणार नाहीत, यावर मी इतके दिवस काढले होते. त्यांनी तेही सोडलं होतं. आता त्यांना परत यायला लागेल असं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

दिवे लागले तशी नेमानं मी पिशवी रिकामी केली. चोळी, तडकलेली पाटी, फणी, परकर-पोलकं. सगळ्यात शेवटी दावं निघालं. त्याला अजून बैलाच्या मानेचा वास येत होता. बाकी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. ते कुठं ठेवायचं, हे मला काही केल्या सुचेना.