माळावरचा रिकामा तंबू

नोकरीत केलेले बहुतेक पंचनामे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला कोणत्या गावचा, ते सांगता येणार नाही. माळावरच्या त्या रिकाम्या तंबूचा पंचनामा मात्र तसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तुळशीची लग्ने उरकली होती आणि सकाळी हात खिशात घालावेत अशी थंडी पडू लागली होती. हजेरी घेऊन मी बंदोबस्ताची कामे वाटून देत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन पुढे केला. एका डोंगरवस्तीच्या पोलीस पाटलाचा फोन होता.

"साहेब, आमच्या वस्तीच्या वर माळावर एक तंबू हाय. त्यात शहराकडच्या एक बाई राहिल्या हुत्या. आता बाई न्हाईत. बिबट्यानं नेल्या असत्याल. वनखात्याला कळवा."

माहिती देणारा माणूस साधारणपणे काय पाहिले ते सांगतो. याने काय झाले असेल ते आधीच ठरवून सांगितले. मी डायरीत नोंद घ्यायला सांगितली, वनखात्याला कळवले आणि एक हवालदार व एक महिला शिपाई बरोबर घेऊन निघालो.

वस्ती म्हणजे उतारावरची दहाबारा घरे. त्यांच्या वर मोकळा माळ आणि माळाच्या पलीकडे खोल दरी. तंबू लहान, हिरव्या रंगाचा, एका माणसापुरता होता. शेजारी दगडावर साठीच्या आसपासच्या एक बाई बसल्या होत्या. पायात चालायचे बूट, डोक्याला मफलर. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. हरवलेल्या बाई त्यांची मैत्रीण, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. दोघी सोलापूरच्या. सोनारीला काळभैरवाचे दर्शन घेऊन डोंगराच्या कडेकडेने पायी तुळजापूर गाठायचे, असे ठरवून त्या निघाल्या होत्या. मी त्यांना शिक्षिकाबाई आणि नर्सबाई असेच म्हणणार आहे.

मी आधी तंबू पाहिला. त्याची चेन बाहेरून नीट लावलेली होती. आत अंथरूण, पिशवी, स्टोव्ह, सगळे जागेवर. बूट नव्हते, काठी नव्हती, पाण्याची बाटली नव्हती. बिबट्या बाईला बूट घालू देत नाही आणि जाताना चेनही लावत नाही. म्हणजे बाई स्वतःच्या पायांनी गेली होती. तंबूच्या दाराच्या कापडावर बोटांचे पिवळे डाग होते. हवालदार म्हणाला, "माती असंल, साहेब." पंचनाम्यात आम्ही "पिवळसर डाग" एवढेच लिहिले.

मग मी शिक्षिकाबाईंकडे वळलो. हरवलेल्या माणसाला शेवटचे कोणी पाहिले, हा पहिला प्रश्न असतो आणि ज्याने पाहिले त्याच्यावर पहिली नजर असते. ते त्यांच्याही लक्षात आले.

"तुमचे भांडण झाले होते का?"

"झाले होते. रोजच होते."

"कशावरून?"

"कुठे झोपायचे यावरून."

मला ते खरे वाटले नाही. त्यांनी सविस्तर सांगितले. नर्सबाई पहिल्या दिवसापासून तंबूच्या बाजूच्या. त्यांचे म्हणणे, आपण कुणाच्या घरी उतरलो की त्या घरातल्या बाईला अंधारात उठून आपल्यासाठी पाणी तापवावे लागते, आपल्यासाठी दोन भाकरी जास्त थापाव्या लागतात, आणि वर हसतमुख राहावे लागते. जन्मभर लोकांची सेवा केली, आता आपल्यामुळे कुणाला उठबस नको. शिक्षिकाबाईंचे म्हणणे अगदी उलट. माळावर कापडात झोपायचे तर घराबाहेर पडायचेच कशाला? देवळात झोपावे, कुणाच्या ओसरीवर, गोठ्याशेजारच्या खोपीत झोपावे. लोकांत बसल्याशिवाय मुलूख कळत नाही.

"मग काल?"

"काल मी खालच्या त्या घरात मुक्काम केला आणि ती वर राहिली. सकाळी चहा घेऊन मी वर आले तर तंबू हा असा रिकामा." त्या दगडावरून उठल्या. "साहेब, माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या. पण तो घेत बसू नका, आधी तिला शोधा."

संशयिताला आपल्या सुटकेची घाई असते. या बाईंना माझ्या जीपची घाई होती. मी तो विषय तिथेच सोडला.

"ज्या घरात राहिलात, तिथे रात्री काही वेगळे घडले?"

"वेगळे काही नाही. उलट मोठ्या आनंदात होते सगळे. मुलीची हळद होती. लग्न उद्या, मुलाच्या गावी. वाजंत्री नाही, पाहुणे फार नाहीत. साधेपणाने करतात म्हणून मला बरेच वाटले. त्यांनी मला पोटभर जेवू घातले. मुलीनेच पाणी आणून दिले."

"मुलगी केवढी?"

"वडील म्हणाले, एकोणीस. पण अंगाने लहानखुरी आहे."

त्याच वेळी खालून हवालदार आला. गावातली पोरे मोटारसायकली घेऊन बाईंना शोधायला गेली आहेत, असे पोलीस पाटलाने त्याला सांगितले होते. मी विचारले, "कुठे गेलीत?"

"एस.टी. थांब्यावर, साहेब. दोघं तुळजापूरच्या रस्त्याला, दोघं परंड्याकडं."

बिबट्याने नेलेली बाई एस.टी. थांब्यावर कशी सापडेल? दरी समोर होती आणि दरीत एकही माणूस उतरला नव्हता. ही मंडळी दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होती. मी परत तंबूपाशी गेलो आणि त्या पिवळ्या डागांचा वास घेतला. माती नव्हती, हळद होती.

पोलीस पाटलाला मी वनखात्याच्या माणसांची वाट पाहायला माळावरच बसवले आणि आम्ही खाली त्या घरी गेलो. अंगणात चार बांबूंचा लहानसा मांडव होता. मुलीचे वडील चाळिशीचे, साधे, शेतीवर जगणारे गृहस्थ. त्यांनी आम्हाला बाजेवर बसवले आणि चहा ठेवायला सांगितले. मी चहा नको म्हणालो आणि त्यांना बाजूला गोठ्याकडे घेऊन गेलो. घरच्यांसमोर माणूस आपला शब्द बदलू शकत नाही. त्याला बदलायला जागा द्यावी लागते.

"मुलीला जरा हाक मारा."

"ती मामाकडं गेलीय."

"कधी?"

"सकाळीच."

"हळद काल लागली ना?"

"व्हय."

"मग हळदीच्या अंगाने तुम्ही तिला शीव ओलांडून मामाकडे पाठवलेत?"

आमच्याकडे हळद लागलेल्या मुलीला उंबऱ्याबाहेरसुद्धा एकटे सोडत नाहीत. हे त्यांना माहीत होते, मलाही माहीत होते.

"मुलगी हरवली असेल तर तक्रार द्या," मी म्हणालो.

"तक्रार कशाला... येईल."

पोटची मुलगी बेपत्ता आणि पोलीस दारात, तरी बाप तक्रार देत नाही. कारण उघड होते. अठराच्या आतले मूल हरवले की आम्हाला अपहरणाचा गुन्हा दाखल करावा लागतो. मग पहिला प्रश्न वयाचा येतो आणि दुसरा मांडवाचा.

"कितवीला आहे?" मी विचारले.

ते गोठ्यातल्या म्हशीपुढचा कडबा सारखा करू लागले. मग म्हणाले, "नववीला. साहेब, म्या काय वैरी हाय का तिचा? शाळेची एस.टी. बंद झाली. पोरगी रोज माळानं एकटी जाती. माझा जीव टांगणीला. तिच्या चुलत्यानं चांगलं स्थळ आणलं."

हा चुलता म्हणजेच पोलीस पाटील. बालविवाहाची माहिती ठाण्याला द्यायची ती त्याने, आणि स्थळही त्यानेच आणलेले. पहाटे मुलगी गेल्याचे कळल्यावर त्याला माळावर पोलिसांची वर्दळ नको होती. पण शिक्षिकाबाई ठाण्याला फोन लावू लागल्या, तेव्हा त्याने आपणच आधी बिबट्या सांगून टाकला.

तेवढ्यात महिला शिपाई माझ्याजवळ आली. ती पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली होती. मुलीची आई चुलीपुढे बसून होती. तिने वर न बघता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितले होते, "शेरडं राखताना ती दरीतल्या वनवाल्यांच्या झोपडीत बसायची. तिकडनं तालुक्याची वाट हाय. गावातल्या पोरांच्या आधी जावा, बाई."

नवऱ्याच्या नात्यातल्या माणसांच्या विरुद्ध, भर घरात, त्या बाईने एवढे बोलणे म्हणजे काय, हे अशा घरांत वावरलेल्यालाच कळेल.

आम्ही दरीत उतरलो. आम्ही नको म्हणत असतानाही शिक्षिकाबाई मागोमाग आल्या. वाट घसरणीची होती. एका जागी मुरूम ताजा सुटलेला दिसला आणि त्याखाली दगडाला थोडे रक्त. पुढे झाडीत वनमजुरांनी बांधलेली पहाऱ्याची झोपडी होती, दगडी भिंती आणि वर पत्रा. दार आतून लावलेले. मी दार वाजवले. आत हालचाल थांबली.

"कोण?" मुलीचा आवाज.

"पोलीस."

"संगं पोलीस पाटील हाय?"

"नाही. तो वरच आहे."

दार उघडेना. मी मागे सरलो आणि महिला शिपायाला पुढे केले. ती दाराशी बसून बोलत राहिली. शेवटी शिक्षिकाबाईंनी आपल्या मैत्रिणीला नावाने हाक मारली. आतून नर्सबाई म्हणाल्या, "उघड गं बाळ. माझी मैत्रीण आहे. अशी तीच ओरडते."

नर्सबाईंचा पाय घोट्याजवळ मोडला होता. त्यांनीच आपल्या काठीचे दोन तुकडे करून, मुलीच्या ओढणीने पाय बांधून घेतला होता. मुलीच्या तोंडावर, हातांवर हळद तशीच होती. पहाटे परसाकडे जाते म्हणून तांब्या घेऊन ती बाहेर पडली, तांब्या बांधावर ठेवला आणि माळावरच्या तंबूकडे गेली. तालुक्याला तिच्या शाळेतल्या मॅडम राहत होत्या. त्यांच्यापर्यंत पोचवा, एवढेच ती म्हणाली. नर्सबाईंनी बूट घातले. खालच्या घरात मैत्रिणीला उठवायला गेल्या असत्या तर सगळे घर जागे झाले असते, आणि माळावर फोनला रेंज नव्हती. घसरणीवर त्यांचा पाय गेला. त्यांनी मुलीला पुढे जा म्हणून किती वेळा सांगितले, पण ती गेली नाही. ओढ्याचे पाणी आणून ती त्यांच्या उशाशी बसून राहिली.

माणसे बोलावून आम्ही नर्सबाईंना बाजेवर घालून वर आणले. मोटारसायकलवाली पोरे परत आली होती. जीपजवळ घोळका करून उभी होती, पण कुणी पुढे झाले नाही. पोलीस पाटील माझ्याकडे बघत नव्हता.

पुढचे काम नियमाप्रमाणे झाले. शाळेतून वयाचा दाखला घेतला, महिला शिपायासमोर जबाब झाला, मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर केले. समितीने तिला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवले आणि तिची शाळा सुरू राहिली. दोन्हीकडच्या जबाबदार माणसांवर गुन्हा दाखल झाला. पोलीस पाटील पदावरून गेला. वडील तारखांना येत. एकदा कोर्टाच्या आवारात मला म्हणाले, "पोरगी दहावी पास झाली, साहेब." त्यांना आणखी काही म्हणायचे होते का, ते मला कळले नाही.

जबाब घेताना मी मुलीला एक प्रश्न विचारला होता. तपासासाठी त्याची गरज नव्हती. शिक्षिकाबाई शेजारीच बसल्या होत्या.

"या मॅडम तुझ्याच घरात झोपल्या होत्या. तू त्यांना पाणी दिलेस. त्यांना का नाही सांगितलेस?"

मुलीने त्यांच्याकडे पाहिले आणि संकोचून म्हणाली, "त्या आबांच्या पाहुण्या हुत्या. आमचं जेवल्या. त्यांना कसं सांगायचं?"

"आणि तंबूतल्या बाईंना?"

"त्या कुणाच्याच न्हवत्या."

शिक्षिकाबाई बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "तिने पाणी दिले तेव्हा मी तिला म्हटले, सुखी राहा." त्यांच्यात काही वाईट नव्हते. त्या घरातही सगळे वाईट नव्हते. पाहुण्याला घर जे दाखवते ते खरेच असते, फक्त ते सगळे नसते.

या प्रकरणाने मला शिकवलेली गोष्ट अशी छोटीच आहे. खेड्यात तपासाला गेलेला अधिकारी कुणाच्या तरी ओसरीवर बसतो. खुर्ची येते, चहा येतो, आणि त्या क्षणापासून गावाच्या लेखी तो त्या घरचा होतो. ज्याचे त्या घराशी पटत नाही, किंवा ज्याला त्या घरातच त्रास आहे, तो दूर उभा राहून बघतो आणि निघून जातो. त्यानंतर मी गावभेटीला गेलो की जीप थांब्यावर लावायला सांगायचो आणि तिथल्याच बाकावर बसायचो. पाणी आपल्या बाटलीतले, डबा घरचा. सरपंचांना राग यायचा. पुष्कळदा कुणीच यायचे नाही आणि हवालदार कंटाळून पेपर वाचायचा.

एका गावात असाच बसलो असताना एक म्हातारी येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. बराच वेळ ज्वारीला पडलेल्या रोगाबद्दल बोलली, गुडघ्यांबद्दल बोलली. मग गावाकडे एकदा बघून तिने विचारले, "साहेब, कुणाच्या घरी उतरलाय?"

"कुणाच्याच नाही, आजी."

ती सरकून जवळ बसली. "मग सांगते," ती म्हणाली.